सरपंच जास्त, गावं कमी

“निकाल लागलाय मॅडम, पर कळला न्हाई अजून. जरा दम धरा.”

निकालाच्या दिवशी आप्पांचा पहिला फोन असा यायचा. मी सांगलीच्या एका दैनिकात जिल्ह्याचं पान बघते आणि आप्पा आमचे पलूस भागातले वार्ताहर होते. सैन्यात सिग्नलमध्ये, म्हणजे वायरलेसवर, नोकरी झालेली, त्यामुळे मोबाइल कानाला लावायची त्यांना सवयच नव्हती. तो तोंडासमोर वीतभर लांब धरायचे, ओरडून बोलायचे आणि बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणायचे. त्यानंतर आपली पाळी. मधेच कुणी बोललं तर ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगत. आमचे संपादक एकदा मधे बोलले आणि एकाच गावाचा निकाल त्यांना तीनदा ऐकावा लागला.

आता तुम्ही म्हणाल, मतं मोजून झाली, आकडा जाहीर झाला, मग कळायचं काय राहिलं? तर तुम्ही कधी ग्रामपंचायतीचा निकाल पेपरात छापलेला नाही. ही निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. कुणाला कपबशी, कुणाला छत्री, कुणाला शिट्टी. पण दुसऱ्या दिवशीच्या पानावर ‘पक्षीय बलाबल’ म्हणून तक्ता मात्र हवाच. मोठी निवडणूक अजून लांब असते, मुंबईच्या लोकांना वारं कुठलं आहे ते इथून हुंगायचं असतं. तेव्हा कपबशी कुठल्या पक्षाची आणि शिट्टी कुणाची, हे कुणीतरी ठरवायला लागतं. आमच्याकडे ते आप्पा ठरवायचे.

त्या भागात गट दोनच. साखर कारखाना ज्यांच्या ताब्यात ते कारखानावाले, दूध डेअरी ज्यांच्या ताब्यात ते डेअरीवाले. वर पक्ष फुटू देत, जुळू देत, नावं बदलू देत, खाली हे दोघे जागच्या जागी. त्यांचा पक्ष कोणता हे आज विचारलं तर आजचं उत्तर मिळायचं.

मी कामाला लागल्यावरच्या पहिल्याच निकालाला दोन्ही गटांनी आपापली पत्रकं पाठवली. मी इमानेइतबारे दोन्हींची बेरीज केली. तालुक्यात जेवढी गावं मतदानाला होती त्यापेक्षा जास्त सरपंच निवडून आलेले! माझं मूळ गाव रहिमतपूर, तिकडे राजकारण काही कमी नाही, पण असला गुणाकार मी पाहिला नव्हता. घाबरून आप्पांना फोन लावला.

“गावं कमी पडाय लागली मॅडम,” ते म्हणाले. “शासनाकडनं आणखी मागवून घ्या. ओव्हर.”

मग पुढच्या निकालाला मला त्यांनी सोबतच नेलं. तहसील कचेरीच्या आवारात मोजणी, बाहेर गुलाल, हलगी आणि धूळ. निवडून आलेला एक सरपंच सकाळी कारखान्याच्या ऑफिसात फेटा बांधून हार घालून आला होता. दुपारी तोच गडी बोडक्या डोक्यानं डेअरीच्या दारात उभा. शाल नाही, हार नाही, चेहऱ्यावर कसा साधा भोळा भाव. आप्पांनी माझ्या कोपराला हात लावला.

“कपाळ बघा.”

कपाळावर फेट्याचा वळ उठलेला होता. वळाच्या वर गोरं, खाली गुलाबी.

आप्पा त्याच्यापाशी गेले. “काय रं गड्या, कुणाचा म्हणून लिवू?”

तो काही लाजला बिजला नाही. “आप्पा, जो आधी रस्ता करंल त्याचा.”

“मग ‘रस्त्याचा’ म्हणून लिवतो,” आप्पा म्हणाले आणि दोघेही खो खो हसले. मला वाटलं होतं आप्पा त्याला आता झोडपतील. पण त्यांना असल्या माणसांचा राग यायचाच नाही. उलट परतताना ते त्याचं कौतुक करत होते. “दोन घरचा पाहुणा उपाशी ऱ्हातोय म्हणत्यात. ह्यो बघा, दोन्हीकडं जेवला.”

आप्पांचे अंदाज अचूक असायचे असं मात्र समजू नका. ते भरपूर चुकायचे आणि चुकले की खुलायचे. एका गावात मिरवणूक निघाली ती कारखान्याच्या ट्रॉलीतून. आप्पांनी पाटी वाचली आणि ‘कारखाना गटाची सत्ता’ असं ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी डेअरीवाले पेपर नाचवत ऑफिसात हजर. झालं होतं असं, की ट्रॉली ऊस न्यायला आली होती, रस्त्यात डेअरीवाल्यांची मिरवणूक आडवी आली, ड्रायव्हरला हलगी ऐकून राहवेना, त्यानं सगळ्यांना वर घेतलं. आम्हाला खुलासा छापावा लागला. आप्पांनी तो कापून घरच्या कपाटाच्या काचेला चिकटवला. आल्यागेल्याला दाखवायचे, “माजी एवढी एकच बातमी दोन्ही गटांनी वाचली.”

त्यांचा खरा जीव होता तो तक्त्यातल्या शेवटच्या रकान्यावर. तो रकाना ‘इतर’चा. काही कळेना झालं की आप्पा ते गाव तिथे टाकायचे. एका वर्षी ‘इतर’ सगळ्यात पुढे गेलं. संपादक खवळले. त्यांनी आप्पांना बोलावून घेतलं.

“आप्पा, इतर म्हणजे कोण? वाचक विचारणार, हा कुठला पक्ष?”

“इतर म्हंजी गाव, साहेब.”

“तक्त्यात गाव चालत नाही, आप्पा. पक्ष लागतो.”

“तरीच तक्ता चुकतोय,” आप्पा म्हणाले आणि समोरचा चहा बशीत ओतून घेतला. संपादकांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर.

आप्पांच्या घरी काकूंचं राज्य. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. दोन म्हशी, थोडा ऊस, मुलगा पुण्याला कामाला, सून आणि शाळकरी नात इथे. मी गेले की काकू आधी जेवायला वाढायच्या आणि मग नवऱ्याची फिरकी घ्यायच्या. “साऱ्या तालुक्याचा पक्ष कळतोय ह्यास्नी. आमटीत मीठ हाय का न्हाई, ते इचारा की.” आप्पा आमटी भुरकत मान डोलवायचे. मीठ खरंच नव्हतं.

मग त्यांच्या गावचं सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं आणि एका संध्याकाळी काकूंनी आप्पांना विचारलं, “मी उभी ऱ्हाऊ का?”

कारण साधं होतं. एसटी त्यांच्या गावात यायची नाही. ती फाट्यावरून सरळ निघून जायची. हायस्कूलला जाणाऱ्या पोरी फाट्यावर उतरायच्या आणि उसातल्या वाटेनं घरी चालत यायच्या. ऊस पुरुषभर वाढला की संध्याकाळी त्या वाटेत बाजूचं माणूस दिसत नाही. काकूंची नात त्यातच. “पोरगी उंबऱ्याच्या आत येईस्तवर माजा जीव थाऱ्यावर नसतोय,” काकू मला म्हणाल्या होत्या. बायकांनी अर्ज दिले होते, दोन्ही गटांच्या पुढाऱ्यांनी ‘बघू’ म्हटलं होतं. बघू बघू म्हणता मोठ्या पोरींचं शिक्षण संपलं.

आप्पा दुसऱ्या दिवशी सांगलीला आले. आमच्याकडे नियम आहे, घरात कुणी पदावर असेल तर वार्ताहर राहता येत नाही. संपादकांनी स्वच्छ सांगितलं, “उभ्या राहू देत. त्यांच्या गावाचं आम्ही बघू. पण निवडून आल्या तर तुमचं ओळखपत्र जमा करावं लागेल.”

आप्पा माझ्या टेबलापाशी येऊन बसले. सैन्यातून आल्यापासून त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. शेती काकू बघायच्या, हे बातम्या बघायचे. बराच वेळ ते आपले टेबलावरचे कागद नीट करत राहिले, माझे कागद, आणि सगळे चुकीच्या जागी.

“मत तर तिलाच देणार मॅडम,” शेवटी ते म्हणाले. “पर ती पडली तर मला वाईट वाटंल का, तेच कळंना झालंय.”

इतका प्रामाणिक माणूस समोर असला की आपल्याला उगाच चहा मागवावासा वाटतो. मी चहा मागवला.

काकूंना हे सगळं ठाऊक होतं. अर्ज भरायच्या दिवसांत मी गेले तेव्हा त्या चुलीपुढे बसून म्हणाल्या, “मी त्यास्नी म्हटलं, आवं, तुमचं जाणार असंल तर न्हाई उभी ऱ्हात. तर म्हणालं, ‘उभी ऱ्हा.’ पर म्हणताना हातातली भाकरी तशीच. मोडायचं इसारलं.” आणि पदरानं तोंड पुसून हसल्या. “ऱ्हावं का न्हाई, तुमीच सांगा.”

“राहा,” मी म्हटलं. माझ्या बापाचं काय जात होतं!

आता गंमत ऐका. दोन्ही गटांचे लोक काकूंकडे येऊन गेले. काकूंचं माहेर पक्कं कारखान्याचं. त्यामुळे कारखानावाल्यांनी जाऊन आपल्या लोकांना सांगितलं, “बाई आपलीच हाय.” काकू गेली कित्येक वर्षं दूध घालतात ते डेअरीला. त्यामुळे डेअरीवाल्यांनीही सांगितलं, “बाई आपलीच हाय.” काकूंनी दोघांनाही चहा पाजला आणि एकच प्रश्न विचारला, “एसटी गावात आणणार का?” दोघेही म्हणाले, “आणू की!” काकू म्हणाल्या, “मग झालं.” दोघेही खूश होऊन गेले. आपलीच बाई उभी आहे म्हटल्यावर दुसरा तगडा उमेदवार कशाला द्या? दोघांनीही दिला नाही. समोर उरल्या त्या रुसलेल्या माजी सरपंचांच्या भावजय.

मोजणीच्या दिवशी मी पलूसला गेले. आप्पांच्या गावाचा निकाल मी घ्यायचा, बाकीची गावं आप्पांनी, असं ठरलेलं. ते लोखंडी कठड्याला पोट टेकवून आकडे उतरवत होते. एरवी शेजारच्याशी थट्टा चाललेली असायची, त्या दिवशी कागदावरून मान वर नाही. लाउडस्पीकरवर त्यांच्या गावाचं नाव आलं तसे आप्पा कठडा सोडून ताठ उभे राहिले.

काकूंचं नाव पुकारलं गेलं. पहिलं नाव, मग आप्पांचं नाव, मग आडनाव. आयुष्यभर ह्या माणसानं दुसऱ्यांचे निकाल लिहिले. स्वतःचं नाव निकालात पहिल्यांदा ऐकलं, तेही बायकोचं मधलं नाव म्हणून.

बायकांनी असा कल्ला केला की पुढच्या गावाचे आकडे कुणालाच ऐकू गेले नाहीत. आप्पांनी चष्मा काढला आणि गुलाल पडलेल्या रुमालानंच डोळे पुसले. तोंडभर रंग. तसेच माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, वाईट न्हाई वाटलं. अजाबात न्हाई वाटलं.”

मला तेव्हा हसू आणि रडू एकदमच आलं.

बाहेर दोन जीप दारं उघडून उभ्या होत्या. एक कारखान्याची, एक डेअरीची. तिकडची रीतच आहे, निवडून आलेला माणूस ज्याच्या गाडीत आधी बसेल तो त्या गटाचा. आप्पांनी कितीतरी सरपंच ह्याच हिशेबानं तक्त्यात बसवले होते. दोन्हीकडचे पुढारी फेटा हातात घेऊन, “या ताई, या ताई.” आवारातली सगळी माणसं बघायला थांबली. आप्पाही बघत होते, माझ्याइतकेच उत्सुक. घरातलं माणूस असून त्यांनाही काही माहीत नव्हतं.

काकूंनी डोळ्यांवरचा गुलाल झटकला. “मला स्टँडवर जायचंय,” म्हणाल्या आणि चालू लागल्या.

स्टँड तिथून जवळच. पुढे काकू, मागे त्यांच्या गल्लीतल्या बायका, हलगीवाला, आणि त्यामागे उघड्या दारांच्या दोन जीप माणसाच्या चालीनं. कुणालाच मागे राहणं परवडत नव्हतं. आगाराच्या साहेबांनी खिडकीतून ही वरात येताना पाहिली आणि ते बिचारे उठून उभेच राहिले. सरपंचबाई नखशिखांत गुलाबी, मागे दोन पुढारी एकमेकांना कोपरानं सारत.

“साहेब, ही आमची सरपंच,” कारखानावाले म्हणाले. “गावात एसटी गेली पायजे.”

“आमचीबी तीच मागणी हाय,” डेअरीवाल्यांना बोलावंच लागलं. “आमचीच सरपंच हाय ती.”

साहेब म्हणाले, “गाडी सोडतो. पण गावात वळायला जागा कुठाय?”

“कोपऱ्यावरचा ऊस मी काढून देतो,” एक म्हणाला. शेत त्याच्या चुलत्याचं होतं. “मुरूम मी टाकतो,” लगेच दुसरा. काकू शांतपणे माझ्याकडे वळल्या. “लिवून घ्या पोरी. समद्यांचं नाव घालून लिवा.”

मी लिहून घेतलं. आप्पा दाराशी उभे होते. बायकोकडे ते असं बघत होते, जणू ही बाई त्यांना आजच दाखवायला आणली आहे.

संध्याकाळी पान लावताना तक्ता पुढे आला. सगळी गावं भरली, आप्पांच्या गावापुढचा पक्षाचा रकाना तेवढा रिकामा. दोन्ही गटांची पत्रकं आलेली आणि दोन्हीकडे काकूंचं नाव. मी फोन लावला.

“इचारून सांगतो. ओव्हर.” भांड्यांचे आवाज, काकूंचा आवाज, नातीचं हसणं. मग आप्पा परत आले. “ती म्हणतीया, एसटी आली की सांगते.”

मी ते जसंच्या तसं संपादकांना सांगितलं. त्यांनी तक्ता पुढे ओढला आणि स्वतःच्या हातानं तिथे ‘इतर’ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा पेढ्यांचा पुडा घेऊन आले. ओळखपत्र संपादकांच्या टेबलावर ठेवलं, खाडकन सलाम ठोकला, आणि साहेबांसकट सगळ्यांना आपल्या हातानं पेढा भरवला. माझ्याजवळ मात्र जरा जास्तच रेंगाळले.

“तक्ता आता कोण भरणार?”

“नवा मुलगा घेतलाय, आप्पा. हुशार आहे.”

“त्याला एक सांगून ठेवा. बेरीज जुळली, तर परत इचारून घे म्हणावं.”

परवा नगरपालिकांचे निकाल लागले. इथे पक्षांची खरीखुरी चिन्हं असतात, तरी निवडून आलेले दुसऱ्या दिवशी कुठे असतील ते सांगता येत नाहीच. नव्या मुलानं तक्ता पाठवला. रंगीत, नेटका आणि बेरीज चोख. मी तो दोनदा वाचला आणि मला काही केल्या चैन पडेना. कारखान्याच्या ट्रॉलीत कोण नाचलं? फेट्याचा वळ कुणाच्या कपाळावर होता? हे विचारायला माणूस नव्हता. आप्पांची इतकी आठवण आली की पान दुसऱ्याकडे सोपवून मी सरळ गाडी काढली. वाटेतून फोन लावला, तो काकूंनी उचलला. “न्हाईत घरात. फाट्यावर गेल्यात. रोजचंच हाय त्यांचं.”

फाट्यावर आप्पा रस्त्याच्या मधोमध उभे होते. गावात एसटी सुरू झाली, पण ड्रायव्हर नवा असला की सवयीनं सरळ जायला बघतो. म्हणून आप्पा रोज संध्याकाळी तिथे जाऊन उभे राहतात. मी काच खाली केली तेवढ्यात गाडी आली. आप्पांनी परेडसारखा हात आडवा केला. एसटी कुरकुरली, वेग कमी करून वळली. खिडक्यांतून पोरींची डोकी बाहेर आली. “आजोबाऽऽ!”

“आप्पा,” मी ओरडले, “निकाल लागला! ऐकला का?”

त्यांनी माझ्याकडे न बघता हातानंच थांबायची खूण केली. एसटी उसाच्या आड गेली तरी ते त्याच दिशेला मान वळवून उभे होते. लांब गावातून गाडी थांबल्याचा हॉर्न आला. आप्पांचे खांदे सैल झाले. मग ते माझ्याकडे वळले, तोंडभर हसले आणि म्हणाले, “पोचल्या. हां, आता बोला.”